उरेबी पट्टी

नवतप्याच्या उन्हात अनारसे तळणाऱ्या बाईले सरकारनं मेडल द्यायले पाहिजे, खरं सांगते. बाहेर सेहेचाळीस डिग्री, कढईपाशी किती ते विचारूच नका. पण धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येते, जावयाले वाण द्यावं लागते, अन् वाणाचे अनारसे मोजून तेहतीस. माझे बत्तीस भरले. एक आमच्या वामनरावांनी खाल्ला. विचारलं तर म्हणे, "मीठ बरोबर आहे का पाहिलं." अनारशात मीठ! या माणसासंगं मी तीस वर्षं काढली आहेत.

मी प्रेमलता. प्रताप नगरात घरच्या समोरच्या खोलीत ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं म्हणतात प्रेमलताबाईचा हात सोन्याचा अन् जीभ कात्रीची. म्हणू द्या. पण त्या रविवारी ना हात चालत होता ना जीभ. सकाळी पाचपासून मी घरात नुसती फिरून राहिली होती. गॅसपाशी जा, गेटपाशी जा, परत ये. एका जागी बूड टेकत नव्हतं. कारण माझी रीना एकोणीस दिवसांपासून माहेरी येऊन बसली होती अन् कारण काही सांगत नव्हती.

कितीदा विचारलं. एकच उत्तर. "त्याले त्याचा डबा प्यारा आहे. राहू दे त्याले डब्याबरोबर."

डबा म्हणजे काय ते सांगते. आमचा जावई सौरव खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये मशीन दुरुस्तीच्या कामावर आहे. पोरगा शांत, व्यसन नाही, पण गाडीतल्या गाण्याचा भारी शौक. गाण्यातला धमधम आवाज काढणारा मोठा स्पीकर असते ना, सबवूफर, तो बसवायले एक डबा लागते. लोक बाजारातून आणतात. याले तो स्वतःच्या हातानं बनवायचा होता, डिक्कीच्या कोपऱ्यात बरोबर बसेल असा, गोलाईचा. एका डब्यासाठी माणूस बायको सोडते का? मले पटत नव्हतं. डब्याच्या खाली आणखी काही तरी होतं.

अन् ते काय असेल याची मले धाकधूक होती. गेल्या वर्षी रीनाचं पाचव्या महिन्यात गेलं. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही, त्यांच्या घरात तर नाहीच. दिवाळीनंतर मी दोनदा खापरखेड्याले जाऊन आली. दोघं समोरासमोर बसून मुक्यानं जेवत होते. आमच्या गल्लीतली गोपिका अशीच आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. सहा वर्षं झाली, अजून इथंच आहे. एकोणीस दिवसांचे दोन महिने होतात, दोन महिन्यांचं कायमचं होते, आपल्याले कळतही नाही. म्हणून मी धोंड्याचं निमित्त काढून जावयाले फोन केला, या म्हटलं. अन् देवापुढं शपथ घेतली, आज जीभ आवरायची. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्याशी सासूनं वाकडं बोललं की पोरीचं घर मोडते.

आठ वाजता गाडी आली. मी औक्षणाचं ताट घेऊन दारात. अन् जावईबापू उतरले ते छातीशी एक मोठा काळा डबा कवटाळून.

अरे बाप्पा, ज्या डब्यावरून भांडण तोच घेऊन आला! सवतीले घेऊन सासुरवाडीले आल्यासारखं झालं. आत खाडकन कडी वाजली. रीनानं खिडकीतून पाहिलं होतं.

"या," मी म्हटलं. दात ओठ दाबून म्हटलं, पण म्हटलं.

त्यानं डबा माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवला अन् वाकून नमस्कार केला. पोरगा वाळला होता. डोळे आत गेले होते. मले राग होता तो अर्धा तिथंच विरला, अन् त्याचाही मले राग आला.

"आई, जेवणाच्या आधी एक काम आहे. तुमच्याशिवाय होणार नाही."

"बोला."

त्यानं पिशवीतून एक गुंडाळी काढली. काळं कापड. चमक अशी की रेशीम झक मारेल. तिरप्या रेघांची वीण. हात लावला तर गार, निसरडं. कार्बन फायबर म्हणतात त्याले. डबा लाकडाचा अन् फायबरचा तयार होता, घासून काळा रंग दिलेला होता. त्याच्यावर हे कापड रेझिन नावाच्या पातळ गोंदानं चिकटवायचं, की वाळल्यावर काचेसारखं चकचकीत होते.

"मी दोनदा लावून पाहिलं," सौरव म्हणे. "दोन्ही वेळा गोलाईवर सुरकुत्या आल्या. ओरबाडून काढलं. आता एवढाच तुकडा उरला आहे. हा बिघडला तर संपलं."

"मंग संपू द्या" असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. अन् खरं सांगू का, कापड समोर पसरलं की माझं डोकं दुसरीकडं जातच नाही. मी ते दोन बोटांनी ताणून पाहिलं. उभं ताणलं, हललं नाही. आडवं ताणलं, हललं नाही. मंग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडं ताणलं, तर असं लांबलं जसं लाडात आलेलं मांजर.

"तुम्ही सरळ धाग्यात कापलं होतं ना?"

"हाव. डिझाइन तिरपं दिसलं पाहिजे म्हणून."

"तिथंच चुकलं. सरळ धाग्यात कापड हट्ट करते. उरेबात कापा. तिरपं. उरेबात तेच कापड ऐकते, वळते. ब्लाउजच्या गळ्याले पट्टी लावतो ती उरेबीच लावतो, सरळ लावली तर गळा चुण्या पाडते. तुमच्या रेघा मंग तिरप्या नाही, उभ्या दिसतील. चालते का?"

"चालते."

"न चालून सांगता कोणाले."

एवढं बोललंच गेलं. पण तो हसला. आला तेव्हापासून पहिल्यांदा हसला.

धागे सुटू नये म्हणून कापायच्या रेघेवर कागदी टेप लावला. माझी धारेची कात्री मी सख्ख्या बहिणीले देत नाही, ती त्या कापडावर चालवली. कर्रकर्र आवाज येत होता अन् माझ्या दाढा आंबत होत्या. कूलर बंद करायले सांगितला होता त्यानं, हवेनं धूळ बसते म्हणे. घामानं माझा ब्लाउज पाठीले चिकटला. वामनराव दारात उभं राहून, "गरम होत नाही का तुम्हाले? गरम होत नाही का?" असं चार वेळा विचारून गेले.

सौरवनं प्लास्टिकच्या ग्लासात रेझिन अन् हार्डनर मोजून घोटलं, ब्रशनं डब्याले पातळ हात मारला. अर्ध्या तासात ते बोटाले चिकटेल इतकं झालं, तसं त्यानं दुसऱ्या ग्लासात ताजं घोटलं. "आता घाई, आई. या गर्मीत ग्लासातलं रेझिन वीस मिनिटांत दगड होते. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही."

हातमोजे घालून आम्ही दोघांनी कापड धरलं, डब्यावर सोडलं, मी मधून बाहेर दाबत गेली. बसलं की हो! गोलाईवर असं बसलं की शिवल्यासारखं. तो वरून ब्रशनं रेझिन देत होता, मी तळहातानं हवा काढत होती. दोघांचे हात एकमेकांले न विचारता चालून राहिले होते. तेवढा वेळ मी रीनाले विसरली, हेही कबूल करते.

मंग स्पीकरच्या गोल भोकाची कड आली. कापड तिथून आत दुमडायचं होतं. मी दोन बोटं आत घातली.

आतून लाकडाच्या चौकटीले पिना मारलेल्या होत्या. पिनांच्या खाली कापडाची एक कड होती, रेझिननं वाळून कडक झालेली. कड गोल होती, दोरीसारखी. मी बोट फिरवत गेली. कोपऱ्यावर एक बारीक गाठ लागली.

माझा हात तिथंच थांबला.

कापडाच्या कडेले गोट लावताना शेवटच्या कोपऱ्यावर गाठ मीच घेते. मले कोणी शिकवलं नाही, माझी मीच लावलेली सवय आहे. मी वाकून भोकातून आत पाहिलं. पिस्ता रंगाची उरेबी पट्टी. माझ्या हातची.

आता सांगते, जे मी कोणाले सांगितलं नव्हतं. रीनाले दिवस गेले हे कळलं अन् मले दम निघाला नाही. बाळ थंडीत येणार होतं. मी चौथ्याच महिन्यात फ्लीसचं मऊ दुपटं शिवलं, पांढरं, पिस्ता गोटाचं, अन् खापरखेड्याले नेऊन दिलं. आमच्या सासूबाई म्हणत, पोटातल्याचं कापड बेतू नये, बाळ हातात येऊ द्यावं अन् मंग सुईत दोरा ओवावा. मले माहीत होतं. तरी शिवलं. महिन्याभरात सारं संपलं. त्या दिवसापासून मशीनवर बसली की मले वाटे, माझ्याच सुईनं झालं. दुपट्याचं पुढं काय झालं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अन् ते इथं होतं. या डब्यात. पिना मारून.

"जावईबापू," मी म्हटलं. "हे दुपटं आहे."

त्याचा ब्रश थांबला.

"आई, ग्लास गरम होऊन राहिला आहे."

"होऊ द्या! बोला आधी."

पण हात मी काढले नव्हते. काढले असते तर कापड सुटलं असतं. तोही ब्रश फिरवू लागला, अन् खाली पाहत बोलू लागला.

"गोलाई बनवायले आधी चौकटीवर मऊ कपडा ताणावा लागते. टी-शर्ट, फ्लीस, असं काही. त्यावर रेझिन दिलं की कवच तयार होते. माझ्यापाशी जुने टी-शर्ट पाच होते, आई. मी मुद्दाम हे घेतलं."

"काहून?"

"ते कपाटात सगळ्यात खाली होतं. रीना रोज कपडे काढताना त्याले हात लावे, अन् मंग दिवसभर बोलत नसे. मले वाटे, तिच्या नजरेसमोरून हलवावं. पण टाकू कुठं? कचऱ्यात टाकू? कोणाच्या पोराले देऊ? दोनदा पिशवीत घालून नदीपर्यंत गेलो, परत आलो. मंग वाटलं, याच्यात ठेवावं. याच्यात ते फाटणार नाही, कोणी नेणार नाही. गाडीत आपल्यासंगं राहील."

शिव्या द्यायच्या होत्या, पण मी कड आत दुमडत राहिली.

"अन् मी तीन दिवस शोधलं."

रीना दारात उभी होती. कडी कधी काढली, आम्हाले ऐकूच आलं नाही.

"तीन दिवस, आई! सगळं कपाट उपसलं. सुटकेसा उघडल्या. कामवाल्या ताईवर शक घेतला मी, ती रडत गेली. हा सगळं पाहून राहिला होता. पलंगाखाली पाहायचं म्हटलं तर यानं माझ्यासंगं पलंग सरकवला! सरकवला, अन् तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी मी याच्या त्या डब्यात हात घातला."

"भेव वाटलं," सौरव म्हणे.

"कोणाचं? माझं?"

"तुझंच. तू पहिलेच एवढी तुटली होती. मी सांगितलं असतं तर..."

"तर काय? ओरडली असती. ओरडू द्यायचं होतं मले! त्याचं काय होतं आपल्यापाशी? फोटो नाही, नाव नाही. एक दुपटं होतं हातात धरायले. मले तेवढ्यानं बरं वाटे. अन् तू त्याच्यावर पिना मारल्या."

खोलीत रेझिनचा वास भरला होता, डोळे झोंबत होते. सौरवचे हात चालूच होते, थांबता येत नव्हतं त्याले. रीना जावयाकडं अशी पाहून राहिली होती की माझ्या मनात आलं, गेलं. गोपिकाचं झालं तेच हिचं होणार. अन् माझी जीभ सुटली. आवरता आली नाही. पण सुटली ती माझ्यावरच.

"त्याले कायले बोलतं वं? मले बोल! वेळेआधी शिवायचं नसते हे मले ठाऊक होतं. सासूबाईनं शंभरदा सांगितलं होतं. मी शिवलं. हौस आली मले! माझ्यानं झालं ते. माझ्या सुईनं झालं."

रीना माझ्याकडं वळली.

"आई, तू इतके महिने हे पोटात धरून बसली होती?"

"मंग कुठं ठेवू?"

"डॉक्टरनं सांगितलं होतं ना, गर्भाचीच वाढ बरोबर नव्हती म्हणून. तुझ्यासमोर सांगितलं होतं."

"डॉक्टरले शिवणकाम येते का?"

हे मी काय बोलली ते माझं मलेच कळलं नाही. रीनाच्या ओठाची एक बाजू हलली, पण हसू आलं नाही. ती वळली अन् आत गेली. कडी मात्र लावली नाही. मी कान देऊन ऐकलं, लावली नाही.

आम्ही काम पुरं केलं. डबा काळाभोर, ओला, चकचकीत दिसत होता. त्याच्यात माझा चेहरा दिसत होता, तो मले पाहवला नाही.

जेवायले बसलो. पुरणाचे धोंडे वाढले, वर तूप सोडलं, वाण दिलं, बत्तीस अनारशांचं. सौरवनं माझं मन राखायले दोन धोंडे खाल्ले. रीना स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवली. वामनराव एकटेच बोलत होते, हवामानावर. काय झालं ते त्यांले अर्धंच माहीत होतं. मी तीनदा पाणी आणायले उठली अन् तीनदा रिकाम्या हातानं परत आली.

तीन वाजता सौरव डबा पाहायले गेला. गेला तो आलाच नाही. आवाज नाही, काही नाही. मी मागून गेली.

समोरच्या खोलीत गारेगार हवा होती. कूलर फुल सुरू होता, वाळ्याचा वास येत होता. अन् टेबलावर डबा पांढरा पडला होता. चुन्याच्या पाण्यानं पुसल्यासारखा. चमक गेली, वीण गेली, सगळीकडं धुरकट साय चढली होती. सौरव खाली फरशीवर बसला होता, पाठ भिंतीले लावून.

"हे पण गेलं," तो म्हणे.

अन् रडू लागला. तोंड झाकून नाही, लपून नाही, लहान पोर रडते तसा मोठ्यानं. "हे पण गेलं, आई. हे पण माझ्यानं टिकलं नाही."

रीना धावत आली. माझ्या बाजूनं आत शिरली अन् त्याच्यासमोर उभी राहिली.

"तेव्हा रडला नाही तू," ती म्हणे. "दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. मले वाटलं तुले काही झालंच नाही."

"तू रडत होती ना. दोघं रडलो असतो तर तुले कोणी धरलं असतं?"

"पण धरलंही नाही ना तू! नुसता मुका बसला."

"मले येत नव्हतं, रीना."

ती त्याच्यापाशी खाली बसली. एक वीत अंतर ठेवून बसली, पण बसली. मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात वामनराव आले, हातात पाण्याची बादली, कूलरमध्ये टाकायले आणलेली. सगळ्यांकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं.

"कूलर कोणी लावला?" मी विचारलं.

"मीच लावला," ते म्हणे. "डब्यासाठी. जावईबापू म्हणत होते ना, गर्मीत ग्लास तापून राहिला आहे म्हणून. माणसाले गरम होते तर त्याले होत नसन का?"

मंग रीना हसली. डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं अन् ती हसत होती. "बाबा," म्हणे, "बाबा, तुम्ही डब्याले कूलर लावला?" वामनरावांचा चेहरा इतका उतरला की मले त्यांची दया आली. एवढ्या तळमळीनं तर मी आजारी असताना यांनी माझ्यासाठी कूलर लावला नव्हता.

सौरवनं नाक पुसून नंदनवनातल्या रजतले फोन लावला. हा त्याचा मित्र, गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं काम करते. फोटो पाठवला अन् फोन स्पीकरवर टाकला.

"कूलर लावला का बे कोणी?" पलीकडून रजत म्हणे. वामनराव बादली घेऊन मागं सरकले. "ओल्या हवेनं वर साय चढते. घाबरू नको, आत काही बिघडलं नाही. डबा कडक झाला का? मंग कोमट पाण्यानं धू. मऊ फडकं घे, हळूच पूस. निघून जाते. मंग दोन दिवसांनी घासून वरून क्लिअर वार्निश मार."

"साध्या पाण्यानं?"

"साध्या पाण्यानं, भाऊ."

आम्ही संध्याकाळपर्यंत डबा नीट कडक होऊ दिला. कूलर बंद, खिडक्या उघड्या, भट्टी झाली खोलीची. कोणी तक्रार केली नाही. पाच वाजता मी पाणी तापवलं, घंगाळात ओतलं, विसावण घातलं. जुन्या मलमलच्या साडीचं फडकं फाडलं. रीना ते घेऊन टेबलापाशी आली. सौरवनं डबा धरला.

"पाणी जास्त गरम तर नाही ना, आई?" तिनं विचारलं.

"कोपर बुडवून पाहा," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. बाळाच्या न्हाणीचं बोलणं. मले वाटलं आता ही घंगाळ फेकते. रीनानं बाही वर केली अन् कोपर पाण्यात बुडवलं.

"बरोबर आहे," म्हणे.

तिनं डबा धुतला. घाई केली नाही. कोपरे पुसले, गोलाई पुसली, भोकाची कड बोटाले फडकं गुंडाळून पुसली. पांढरं निघत गेलं, खालून काळी वीण वर आली, उभ्या उभ्या रेघा, एक सुरकुती नाही. सौरव डबा फिरवून देत होता. मधेच तो हळूच म्हणाला, "मले माफ कर. विचारायले पाहिजे होतं." ती म्हणे, "पाहिजेच होतं." अन् पुढं पुसत राहिली. मंग तिनं हात आत घातला, त्या पट्टीवरून एकदा सगळीकडं फिरवला. मी तिथून निघून गॅस पुसू लागली. गॅस स्वच्छच होता.

सहा वाजता ती बॅग घेऊन बाहेर आली. मी काही विचारलं नाही. मोठी शर्थ केली, पण विचारलं नाही.

"डिक्कीत ठेवला तर आदळेल," सौरव म्हणे. "अजून पक्का नाही झाला."

"मी धरते," रीना म्हणे. मागच्या सीटवर बसली अन् हात पुढं केले. त्यानं डबा तिच्या मांडीवर ठेवला, भोक वरच्या बाजूनं.

पोरगी सासरी चालली तर ओटी भरायले नको? मी धावत आत गेली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, अन् पिस्ता रंगाचाच एक खण होता कपाटात, तो घेतला. कुंकू लावलं.

"पसर ओढणी."

"कुठं पसरू, आई? मांडीवर हे आहे."

"सौरवजवळ दे पाच मिनिटं."

तिनं डब्याकडं पाहिलं. दोन्ही हातांनी धरलेला होता, सोडला नाही.

"याच्यातच भर," ती म्हणे.

मी खण ठेवला. नारळ ठेवला, बरोबर गेला भोकातून. सुपारी, हळकुंड टाकलं. मंग तांदळाची ओंजळ भरून हात पुढं केला, तसा सौरव स्टेअरिंगवरून मागं वळला.

"आई, बाकी सगळं घरी गेल्यावर काढतो. पण तांदूळ नका टाकू. आतल्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतात. एक दाणा जरी राहिला ना, तरी गाणं लावलं की आत वाजत राहील."

माझी ओंजळ तशीच राहिली. मी रीनाकडं पाहिलं. तिचा हात आत होता, त्या गोटावर.

"वाजू दे," रीना म्हणे.

मी ओंजळ आत रिकामी केली.